भातुकलीतली वीज

यंदा दसऱ्याच्या सुट्टीत माझी नात घरी आली ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे ती. जेवणे आटोपली, सुपारी कातरायला मी अडकित्ता हाती घेतला, तोच तिने पडदा माझ्यापुढे सरकवला. "आजोबा, हे बघा ना. कम्प्युटरला वेड लागलंय."

पडद्यावर एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, एक बॅटरी आणि दोनचार किरकोळ भाग जोडलेले होते. जोडलेले म्हणजे खरे नव्हेत, चित्रातले. लहानपणी हीच पोर भातुकली मांडून लटका चहा लटक्या कपातून मला पाजीत असे, त्यातलाच हा प्रकार. लटक्या बॅटरीतून लटकी वीज वाहते, आणि कोणत्या क्षणी कोठे किती व्होल्ट आहेत त्याची रेघ कम्प्युटर काढून दाखवतो. ट्रान्झिस्टर बंद केला की व्होल्टेजने एकदा उसळावे आणि मग गपचूप बसावे, ही तिची अपेक्षा रास्तच होती. पण रेघ बसायला तयार नव्हती. वर, खाली, वर, खाली, अशी करवतीच्या दात्यांसारखी ती पडद्याच्या कडेपर्यंत चालली होती.

मी अडकित्ता खाली ठेवला. ती करवत माझ्या ओळखीची होती. १९८९ साली ती मला एकदा भेटली होती, आणि त्या भेटीत मी जे केले ते आठवले की आजही मान खाली जाते. ते सांगेनच. पण आधी ही करवत आली कोठून, ते सांगायला हवे. दिवाळीच्या अंकात हे काय विजेचे गुऱ्हाळ, असे वाचकांनी कृपा करून म्हणू नये. आकाशकंदिलातल्या दिव्यापासून खिशातल्या फोनपर्यंत आज असे एकही यंत्र नसेल, ज्याचे काही ना काही अंग आधी असल्या भातुकलीतून गेले नाही.

ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ चा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन ह्या दोघांनी तो जन्माला घातला, आणि शॉक्लेने लगोलग त्याला अधिक सुदृढ भावंड दिले. तेव्हा मंडल जुळवायचे म्हणजे ते प्रत्यक्ष जुळवायचे. रेडिओच्या आरंभीच्या काळात हौशी मंडळी घरातली पाव कापायची फळी पळवून तिच्यावर खिळे ठोकीत आणि तारा गुंडाळीत. त्यामुळे असल्या कच्च्या जुळणीला इंग्रजीत 'ब्रेडबोर्ड' हेच नाव पडले. आपल्याकडे हा उद्योग सुरू झाला असता तर त्याला पोळपाट म्हणाले असते! ह्या पाटावर भाग जोडायचे, ऑसिलोस्कोपच्या हिरव्या पडद्यावर लाट बघायची, पसंत नसेल तर एक भाग उपसून दुसरा लावायचा. हिशेब कमी, हात जास्त.

हा सुखाचा संसार मोडला तो १९५८-५९ साली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये किल्बीने आणि फेअरचाइल्डमध्ये नॉइसने अख्खे मंडल एका कपचीवर बसवण्याची युक्ती काढली. नखाएवढ्या जागेत वीसपंचवीस ट्रान्झिस्टर. आता कोणता उपसणार आणि कोठे बोट घालणार? बरे, तेच मंडल मोठ्या सुट्या भागांनी पाटावर जुळवून पाहावे, तर पाटावरच्या तारांचाच आपापसांत इतका लागाभागा असतो की लाट निराळीच दिसते. पाट खोटे बोलू लागला. उरला हिशेब. पण ट्रान्झिस्टरचा हिशेब म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरचे तांदळाचे दाणे. त्याच्या बेसवरचे व्होल्टेज अवघ्या १८ मिलिव्होल्टने, म्हणजे एका व्होल्टाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी वाढवले की प्रवाह दुप्पट. आणखी १८ वाढवले की चौपट. असे वीस ट्रान्झिस्टर एकमेकांच्या मानेवर बसले असता कागदपेन्सिलीने उत्तर काढायचे कोणी?

१९६९-७० च्या शैक्षणिक वर्षात कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या विद्यापीठात रॉन रोहरर नावाच्या तरुण प्राध्यापकाने आपला वर्ग ह्याच कामाला जुंपला. परीक्षा नाही, पेपर नाही. सर्वांनी मिळून मंडलांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहायचा. परीक्षक म्हणून विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन. त्यांनी पसंत केला तर सगळा वर्ग पास, नाही तर सगळा वर्ग नापास. मुले पास झाली. प्रोग्रॅमला नाव मात्र ठेवले 'कॅन्सर'! लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा तो खेळ होता, आणि त्यातली शेवटची अक्षरे सांगत की ह्यात किरणोत्साराचा विचार केलेला नाही. कारण त्या काळी असले प्रोग्रॅम बहुधा संरक्षणखात्याच्या पैशावर वाढत, आणि अणुस्फोटात मंडलाचे काय होईल ह्याची त्या खात्याला चिंता. पोरांनी चिमटा काढून घेतला.

त्या वर्गातल्या लॉरेन्स नेगल ह्या विद्यार्थ्याने काम पुढे नेले. रोहरर विद्यापीठ सोडून गेल्यावर तो पेडरसनांच्या हाताखाली आला. पेडरसनांनी नव्या प्रोग्रॅमसाठी एक अट घातली, आणि माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट तीच: तो कोणाच्या मालकीचा असणार नाही, मागेल त्याला मिळेल. ह्या प्रोग्रॅमचे नाव 'स्पाइस'. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू येथल्या परिषदेत पेडरसनांनी तो जगापुढे मांडला. १९७५ साली नेगलच्या प्रबंधातून त्याची दुसरी, बाळसेदार आवृत्ती निघाली. बर्कलेतल्या सीडीसी ६४०० ह्या अगडबंब यंत्रासाठी लिहिलेला हा प्रोग्रॅम फितींवरून विद्यापीठा-विद्यापीठांत आणि कंपन्या-कंपन्यांत गेला. विद्यार्थी नोकरीला लागताना दुसरे काही नेवोत न नेवोत, स्पाइसची सवय बरोबर नेत. पेडरसनांचे हे अन्नछत्र अजून चालू आहे. माझ्या नातीच्या लॅपटॉपवरचा 'ईसिम' पवईच्या आय.आय.टी.त तयार झालेला आहे; तोही फुकट, आणि त्याच्या पोटात हिशेब करणारा 'एनजीस्पाइस' हा बर्कलेच्या स्पाइसचाच वंशज आहे.

आता करवतीकडे वळू.

खरी वीज अखंड वाहते; कम्प्युटरला अखंड काही जमत नाही. तो काळाचे तुकडे पाडतो. ह्या क्षणी हे आकडे आहेत, तर सूक्ष्म अवधीनंतरच्या पुढल्या क्षणी काय असतील, एवढेच तो पुनःपुन्हा काढतो. त्या दोन क्षणांमध्ये काय घडले असेल ते त्याने पाहिलेले नसते. तेथे अंदाज करावा लागतो. स्पाइसचा नेहमीचा अंदाज असा, की आरंभीच्या आणि शेवटच्या आकड्यांची सरासरी घ्यावी. ही निवड काही आळसाने झालेली नव्हती. डाल्क्विस्ट ह्या स्वीडिश गणितज्ञाने १९६३ साली सिद्ध केले होते की, पाऊल कितीही मोठे टाकले तरी ज्या पद्धतीचा तोल सुटत नाही, अशा ह्या जातीच्या पद्धतींत सरासरीच्या पद्धतीइतकी अचूक दुसरी नाही. म्हणजे घरातला सर्वांत गुणी मुलगा म्हणूनच तिला कामाला लावलेले.

पण गुणी मुलाचीही एक खोड असते. समजा, एका कारकुनाला हुकूम आहे की कालच्या आणि आजच्या आकड्यांची सरासरी बरोबर आली पाहिजे. काल वहीत दहा होते. आज सगळे थांबले. खरे उत्तर शून्य. पण सरासरी शून्य यायची तर कालच्या दहाला तोड म्हणून तो आज उणे दहा लिहितो. उद्या? उणे दहाला तोड म्हणून अधिक दहा. परवा पुन्हा उणे दहा. सरासरी रोज बिनचूक, आणि वही रोज खोटी! वेटोळ्यातला प्रवाह एकदम थांबला की त्याच्यावरच्या व्होल्टेजचे नेमके हेच होते. ती करवत मंडलातली नव्हे, कारकुनाच्या हट्टातली.

ह्यावर उतारा पुष्कळ आधीच निघाला होता. गिअर नावाच्या गणितज्ञाची पद्धत १९७१ च्या सुमारास प्रसिद्ध झाली, आणि स्पाइसच्या दुसऱ्या आवृत्तीत नेगलने तिलाही जागा दिली. ती एकाच कालच्या आकड्याला न चिकटता मागच्या अनेक आकड्यांकडे पाहते, आणि असल्या थरथरीवर पाणी ओतते. पण पाणी ओतताना ती खरी आग आणि खोटी आग असा भेद करीत नाही. मंडलात खरोखरच एखादी नाजूक लहर बराच वेळ घुमणारी असेल, तर तिलाही ती विझवते. म्हणजे एक पद्धत नसलेली लाट दाखवते आणि दुसरी असलेली लपवते. आता अभियंत्याने जावे कोठे?

ह्या पेचातूनच एक साधी कसोटी रूढ झाली. काळाचे तुकडे निम्मे करून हिशेब पुन्हा करावा. जे कारकुनाचे आहे ते तुकड्यांबरोबर बदलते. जे मंडलाचे आहे ते जागच्या जागी राहते. नातीला मी तेवढेच करायला सांगितले. तिने केले. करवतीचे दाते दुप्पट बारीक झाले. "अय्या!" असे म्हणून ती आत आजीला दाखवायला गेली. आजीने चष्मा लावून पाहिले आणि "छान आहे" म्हटले.

पण विचित्र दिसते ते सगळे खोटेच, असे मानणारा मनुष्य अधिक खोल खड्ड्यात पडतो. एक ट्रान्झिस्टर घ्या, ज्याने बेसवर व्होल्टेज वाढले की बाहेरचे व्होल्टेज खाली आणावे. भातुकलीत असे दिसते की बाहेरचे व्होल्टेज खाली येण्याआधी क्षणभर चक्क वर उडी मारते, वाघाने झेप घेण्याआधी मागे सरावे तसे. नवशिक्याला हा हिशेबाचा दोष वाटतो. तो दोष नाही. ट्रान्झिस्टरच्या आत बेस आणि कलेक्टर ह्यांच्यामध्ये एक चिमुकला कपॅसिटर निसर्गानेच ठेवलेला आहे. आत येणारा धक्का त्या चोरवाटेने आधी बाहेर पोचतो आणि ट्रान्झिस्टर मागाहून जागा होतो. निर्वात नळ्यांतल्या अशाच चोरवाटेचा हिशेब मिलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२० सालीच मांडून ठेवला होता.

उलट एक गंमत अशी, की काही वेळा भातुकली फारच गुणी निघते. दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने दिवे लावतात-विझवतात, असे एक प्रसिद्ध मंडल आहे. पाटावर ते लावताक्षणी मिचकू लागते. कम्प्युटरवर मात्र पुष्कळदा रेघ सरळच्या सरळ! कारण पाटावर दोन ट्रान्झिस्टर कधीच अगदी सारखे नसतात. एक जरा पुढे सरतो आणि खेळ सुरू होतो. भातुकलीतले दोघे शेवटच्या अंकापर्यंत जुळे. लखनौच्या नबाबांप्रमाणे "पहले आप, पहले आप" करीत दोघेही उभेच. तेथे एकाला मुद्दाम ढकलावे लागते.

आणि जपानच्या उएदाची गोष्ट तर चटका लावणारी. क्योटोत विद्यार्थी असताना नोव्हेंबर १९६१ मध्ये, एका कंपन-मंडलाच्या समीकरणांची नक्कल तो अ‍ॅनॅलॉग कम्प्युटरवर करीत होता. ठराविक अंतराने घेतलेले बिंदू एका गुळगुळीत वळणावर बसायला हवे होते. ते बसले फुटक्या अंड्यासारख्या वेड्यावाकड्या आकृतीत. त्याने यंत्र तपासले, पुन्हा तपासले, आकृती तीच. त्याच्या प्राध्यापकांना ते पटले नाही. ही जवळजवळ नियमितच हालचाल आहे, असा त्यांचा आग्रह. आज ज्याला 'केऑस' म्हणतात त्याचे ते एक आद्य दर्शन होते, पण ते नीट छापून यायला सत्तरीचे दशक उजाडावे लागले. एकट्या ट्रान्झिस्टरचे साधे कोलपिट्स मंडलही अशी बेबंद लाट काढू शकते, हे आयर्लंडच्या केनेडीने १९९४ साली दाखवले. ती लाट कारकुनाची नव्हे. ती खरोखरच तशी आहे.

ह्या सगळ्या घोळामुळे भातुकलीवर दात धरणारेही निपजले. त्यांचा मेरुमणी रॉबर्ट पीज. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीतला हा दाढीवाला अवलिया स्पाइसवर सदरांतून तोंडसुख घेई, आणि एकदा तर त्याने एक कम्प्युटर उंचावरून खाली फेकून दिला. मला त्याचे लेखन फार आवडत असे. इतके, की माझ्या हातून जे घडले त्याचा थोडा दोष मी मनातल्या मनात बरीच वर्षे त्याच्यावर ढकलीत होतो. त्यात काही अर्थ नव्हता.

१९८९ साली मी पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात होतो. बाटल्या भरण्याच्या यंत्रावर विजेची एक झडप असते. ती मिनिटाला चाळीसदा उघडते आणि मिटते. ती चालवणारे ट्रान्झिस्टरचे कार्ड आम्ही बनवीत होतो. चोवीस व्होल्ट, तीन अँपिअर. ट्रान्झिस्टर साठ व्होल्टपर्यंत सोसणारा, म्हणजे दुपटीहून जास्त वाव. वेटोळ्याची उसळी जिरवायला डायोड लावतात, तो झडपेच्या अंगावरच लावलेला होता. टेबलावर ऑसिलोस्कोपखाली लाट आरशासारखी स्वच्छ.

जोडणीखात्यात एक वयस्क तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. कम्प्युटरशी त्यांचा संबंध एवढाच, की त्याच्या खोलीत पंखा चांगला होता. ते एकदा दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, टेबलावर आपली तार वीतभर. यंत्रावर ती तीन मीटर असते. ती घेतलीत का हिशेबात?"

त्यांचा मान ठेवायचा म्हणून मी तीन मीटर तारेचे वेटोळेपण, तीन मायक्रोहेन्री, हिशेबात घातले. आणि करवत दिसली. सत्तर व्होल्टपर्यंत वर, मग खाली, मग वर. त्याच महिन्यात मी कोठेतरी ह्या खोट्या करवतीविषयी वाचले होते. नव्या विद्येची एक खाज असते. मी अण्णांना बोलावून पडद्यावर दाखवले, सरासरीचा कारकून समजावून सांगितला, आणि म्हणालो, "हे सगळं गणितातलं आहे. मंडलात काही नाही." अण्णा थोडा वेळ पाहत राहिले. "सगळं?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "सगळं."

तुकडे निम्मे करून पाहायला मला पाच मिनिटे लागली असती.

चार-पाच महिन्यांनी कार्डे परत येऊ लागली. ट्रान्झिस्टर गेलेले. टेबलावर नवी कार्डे ठणठणीत चालत, तेव्हा चूक मंडलाची नाही असे ठरले. मग उरते जोडणी. वरिष्ठांनी डाग देण्यात हयगय झाल्याचा शेरा मारला. अण्णांची त्या वर्षाची वेतनवाढ गेली, आणि त्यांना जोडणीवरून काढून कोठीत बसवले. तीस वर्षे डाग देणाऱ्या माणसाने खिळ्यांचे पुडे मोजायचे. बैठकीत मी होतो. मी काही बोललो नाही. बोलायला तेव्हा माझ्याजवळ काही होते असेही नाही. पण "सगळं?" हा त्यांचा प्रश्न कानात राहिला होता.

एका रविवारी मी कारखान्यात एकटाच गेलो आणि तो जुना हिशेब काढला. तुकडे निम्मे केले. दाते बारीक झाले. पुन्हा निम्मे, आणखी बारीक. पण पहिला दाता हलेना. त्याची रुंदी एका सेकंदाच्या पन्नास लाखांव्या भागाइतकी, उंची सत्तर व्होल्ट, आणि काहीही केले तरी तितकीच. तीन अँपिअर इतक्या थोडक्या अवधीत तोडले की तीन मीटर तारेवर पंचेचाळीस व्होल्ट उभे राहणारच. ते चोविसावर चढले की साठ कधीच मागे पडतात. डायोड तारेच्या पलीकडे, झडपेवर. तारेची उसळी त्याला दिसतच नव्हती. पहिला दाता खरा होता. त्याच्यामागची रांग खोटी होती, आणि त्या रांगेत उभा म्हणून मी खऱ्यालाही खोटा ठरवला होता. मिनिटाला चाळीसदा तो फटका ट्रान्झिस्टरला बसत होता.

सोमवारी मी वरिष्ठांना लेखी दिले. त्यांनी कागद ठेवून घेतला. शेरा मात्र मागे घेतला नाही, आता वर्ष संपले आहे म्हणाले. संध्याकाळी मी छापील आलेख घेऊन अण्णांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले. मी आलेख सतरंजीवर पसरला, पहिल्या दात्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ केले होते ते दाखवले, आणि जे सांगायचे ते सांगितले. सांगताना मी बहुधा फार लांबण लावली असावी.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आलेख डोळ्यांजवळ नेऊन पुष्कळ वेळ पाहिला. मग बशी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पोहे निवताहेत, साहेब. उद्या आणखी एक डायोड घ्या, आणि तो इकडच्या टोकाला, कार्डावरच लावा. ट्रान्झिस्टरच्या पायाशी. अन् तारही जरा आखूड करा."